सुकलं की वाळलं

प्रिय खारू,

रविवारी फोनवर बोलताना माझ्या बाजूने टक् टक् आवाज येत होता आणि तू विचारलंस, आई, काय ठोकतेयस? मी म्हणाले, काही नाही गं, नळ गळतोय. नळ ठणठणीत आहे. मी तुझ्याशी बोलत बोलत स्वयंपाकघराच्या चौकटीत दोन दाभणं ठोकत होते. चौकट साडेनऊ भरली. म्हणजे बत्तीस वर्षं जागची न हलता उभी राहूनसुद्धा तिच्या अंगात साडेनऊ टक्के पाणी आहे. लाकूड कधीच पुरतं कोरडं होत नाही, आजूबाजूच्या हवेशी जमवून घेतं आणि तिथे थांबतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तुला आणि तुझ्या बाबांना ते आधीपासून माहीत असणार. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

तर बातमी अशी की तुझ्या आईने एक यंत्र केलंय. हसू नकोस. साबणाच्या डबीत मावतं, एप्रनच्या खिशात बसतं, आणि फळीत किती ओलावा आहे ते आकड्यात सांगतं. दुकानात अशी यंत्रं तयार मिळतात, तेही मला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वहिनी, विकत आणा आणि मोकळ्या व्हा. पण मला मोकळं व्हायचं नव्हतं. मला त्या डबीच्या आत काय चालतं ते कळायला हवं होतं. आकडा चुकला तर तो का चुकला हे मला सांगता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून एकदा काय झालं ते तू आणि मी दोघींनी पाहिलंय.

दुसरी बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्रभर तुला वाटत राहायला नको की म्हातारी कशावर येतेय. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई गेल्या महिन्यात स्वतः आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात आल्या. व्यायामाच्या हॉलची लाकडी जमीन पुन्हा घालायची आहे. तोच हॉल. सहा वर्षं त्यांनी आपण घातलेल्या जमिनीवर मेणकापड अंथरून दिवस काढले, आता ते कापडही फाटलं. बाई बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडे आता लाकूड कोण बघतं? मी म्हणाले, मी. त्यावर त्या म्हणाल्या, या वेळी मला फळीगणिक ओलावा कागदावर हवा, तोंडी नको. मी म्हणाले, तोंडी मीही देणार नाही. काम आपण घेतलंय. ती जमीन तू घालावीस अशी माझी इच्छा आहे. आपले दोन्ही मिस्त्री हाताचे चांगले आहेत, पण एवढ्या लांबीची जमीन एका सुतात घालणं त्यांना जमणार नाही, हे ते स्वतःच म्हणतात. थोरले मिस्त्री तर म्हणाले, ताईंना बोलवा, नाहीतर मला गावाला जाऊ द्या. दोन महिन्यांचं काम आहे. तू लगेच हो किंवा नाही म्हणू नकोस. आधी पत्र पुरं वाच.

तुझे बाबा फळी कशी बघायचे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कापलेलं टोक गालाला लावायचे, डोळे मिटायचे. गार लागलं की ओलं. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचे. मला तो प्रकार फार गमतीचा वाटायचा. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस फळीशी लाडात बोलतोय. आणि तुम्हा दोघांची ती भाषा. सुकलं म्हणजे वरून, वाळलं म्हणजे आतून. सुकलेल्या लाकडाला हात लावायचा नाही, वाळलेलं घ्यायचं. तू सहा-सात वर्षांची असताना फळ्यांच्या थप्पीवर खारीसारखी चढून बसायचीस आणि वरून ओरडायचीस, बाबा, ही नुसती सुकलीय. ते खालून म्हणायचे, बरोबर. मी हिशेबाच्या टेबलाशी पुस्तक वाचत बसलेली असायचे आणि मला दोन्ही शब्द एकच वाटायचे. माझ्या माहेरी कपडे वाळत घालायचे आणि ते सुकले की काढायचे. कपड्याला आत आणि बाहेर कुठे असतं?

तुझे बाबा गेल्यावर पहिलं वर्ष मी थप्पीजवळ गेलेच नाही. मिस्त्री तयार लाकूड आणायचे, कपाटं करायचे, चाललं होतं. मग एक दिवस थोरल्या मिस्त्रींनी एक फळी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, बाई, ही घेऊ? त्यांनी विचारलं आणि मी नकळत ती गालाला लावली. मला काहीच कळलं नाही. गार होती, पण त्या दिवशी सगळंच गार होतं. मी म्हणाले, थांबा दोन दिवस. आणि वाचनालयात गेले.

सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला लाकूड वाळवण्यावरचं जाड पुस्तक देताना वाचनालयाच्या बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, यात गोष्ट नाही हं. मी म्हणाले, गोष्टी पुष्कळ वाचल्या. ते पुस्तक मी पाच वेळा बदलून आणलं. पहिल्यांदा शंभरातली साठ पानं कळली नाहीत, दुसऱ्यांदा चाळीस. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की कोरड्या लाकडातून वीज जवळजवळ जात नाही आणि ओल्यातून जाते, आणि हा फरक दुप्पट-तिप्पट नसतो, हजारो पटींचा असतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि उठून चहा केला. मला वाटलं, मग एवढं सोपं असताना माणसं गाल का लावत बसतात?

सोपं काही नव्हतं. रेडिओवाल्यांच्या दुकानात मी आठवड्यातून तीन दिवस दुपारी बसायला लागले. त्यांचं दुकान तुला आठवत असेल, कोपऱ्यावरचं, ज्यात माणूस शिरला की आधी वायर दिसते आणि मग ते दिसतात. त्यांनी मला कथील वितळवून तारांना डाख द्यायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझे डाख पाहून ते म्हणाले, वहिनी, हे जोडकाम आहे की पक्ष्यांची शीट? मी म्हणाले, तुमची नजर अधू झालीय. दोन महिन्यांनी त्यांनी माझं एक जोडकाम भिंगाखाली धरलं आणि काही न बोलता बाजूला ठेवलं. तेवढी पावती मला पुरली. त्या यंत्रात एक चिप असते, तिला काय करायचं ते ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. ते मी वाचनालयाच्या संगणकावर बसून शिकले. एक स्वल्पविराम राहिला तर ती काहीही ऐकत नाही. या बाबतीत ती थेट तुझ्यावर गेलीय.

आता माझी फजिती ऐक, कारण ती फक्त सुताराच्या घरातच होऊ शकते. दाभणं धरायला मूठ हवी. मी काय करावं? धाकट्या मिस्त्रींकडून सागाची सुरेख मूठ करवून घेतली, हाताला बसेल अशी, पॉलिश केलेली. तिच्यात दोन भोकं पाडून दाभणं घट्ट बसवली. यंत्र चालू केलं, अजून कशाला लावलंही नव्हतं, तर आकडा आला चौदा. हवेत धरलं तरी चौदा. भिंतीला लावलं तरी चौदा. मी आठ दिवस चिपचं लिखाण तपासत बसले, दोन सुटे भाग बदलले, झोप उडाली. शेवटी रेडिओवाल्यांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाले, वहिनी, यंत्र अगदी खरं बोलतंय, तुमची मूठ चौदा टक्के ओली आहे. दोन्ही दाभणं लाकडातच बसवलेली, वीज मुठीतूनच इकडून तिकडे जात होती. लाकूड मोजायचं यंत्र मी लाकडाचंच केलं होतं. घरी येऊन मी भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा पाट करवतीने कापला आणि त्याची मूठ केली. दिसायला ओबडधोबड आहे, पण तिच्यातून काही गळत नाही. ती सागाची मूठ मी फेकली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला कडी म्हणून लावलीय.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते. डाळीच्या दाण्याएवढा एक भाग असतो, तो विजेने भरतो, जसं भांडं पाण्याने भरावं. मी ते भांडं फळीमधून भरते. फळी ओली असेल तर धो धो भरतं, कोरडी असेल तर थेंब थेंब. चिप नुसती वेळ मोजते. पंचवीस टक्क्यांची फळी असेल तर पापणी लवायच्या आत आकडा येतो. सात-आठाची असेल तर मी नऊ-दहा सेकंद श्वास रोखून उभी असते. फुंकर मारली तरी बिघडतं, माणसाच्या श्वासात केवढी दमट हवा असते. आणि दाभणांचे दोन जोड आहेत. एक आखूड, वरचं सांगणारा. दुसरा लांब, त्याला टोक सोडून सगळीकडे प्लास्टिकची नळी चढवलीय. आधी सामत्याने भोक पाडायचं, मग ती दाभणं आत सोडून नुसतं टोक ठोकायचं. तो जोड फळीच्या पोटातलं सांगतो. म्हणजे एका जोडाने सुकलं का ते कळतं आणि दुसऱ्याने वाळलं का ते.

पण यंत्राला वेळ कळते, टक्के कळत नाहीत. ते आपण शिकवायचे. त्यासाठी मी काडेपेटीएवढे चाळीस ठोकळे कापले, काही ओले, काही कोरडे. प्रत्येकाला दाभणं लावून वेळ लिहिली, काट्यावर वजन केलं आणि ओव्हनमध्ये ठेवला. वजन उतरायचं थांबेपर्यंत. दोन आठवडे ओव्हनमध्ये दुसरं काही शिजलं नाही, मी पावावर राहिले. घरभर लाकडाचा वास भरला. ते गेल्यापासून घराला तो वास नव्हता. पहिल्या दिवशी मी सगळ्या खिडक्या उघडल्या, दुसऱ्या दिवशी बंद केल्या. तुला हे फोनवर सांगणार होते, पण तू पोटऱ्या दुखतात का ते विचारलंस आणि मी पोटऱ्यांवर बोलत बसले.

इथेही मी चुकलेच. ठोकळ्यातून किती पाणी गेलं ते काढलं आणि त्याला ओल्या वजनाने भागलं. कुठलाही शहाणा माणूस हेच करील, शंभर ग्रॅमच्या ओल्या ठोकळ्यात पन्नास पाणी, म्हणजे पन्नास टक्के. पण पुस्तकात ताज्या तोडलेल्या लाकडापुढे एकशे दहा टक्के असं छापलेलं होतं. मला वाटलं, छापणाऱ्याने दोन आकडे उलटे केले. शंभरात एकशे दहा पाणी, मग लाकूड कुठे ठेवलं? मी पेन्सिलने तिथे समासात लिहिलं, चूक आहे. वाचनालयाच्या पुस्तकात, होय. पुढच्या अख्ख्या कोष्टकात मी माझ्या पेन्सिलने दुरुस्त्या केल्या. महिन्याभराने तळटीप वाचली. पाणी मोजायचं ते कोरड्या लाकडाच्या मानाने. ओलं वजन रोज बदलतं, त्याच्याशी काय तुलना करणार. सगळं पाणी निघून गेल्यावर जे उरतं तेच मोजमाप. पन्नास पाणी, पन्नास लाकूड, तर शंभर टक्के. मी वाचनालयात बसून सगळ्या पेन्सिलखुणा खोडरबराने पुसल्या. बाई म्हणाल्या, काय करताय? मी म्हणाले, माफी मागतेय.

यंत्र तयार झालं, तेव्हा माझ्या डोक्यात एक वेगळंच काम होतं. मी शाळेच्या हॉलला गेलं होतं त्याच लाकडाच्या, तेवढ्याच जाडीच्या फळ्या आणवल्या आणि त्याच शेडमध्ये, त्याच भिंतीपाशी, मध्ये तशाच पट्ट्या घालून थप्पी लावून घेतली. मिस्त्रींना वाटलं, बाईंना कुठलं तरी काम मिळालंय. काम नव्हतं. मी दर सोमवारी वरचं आणि आतलं मोजून वहीत लिहीत गेले. चौदाव्या आठवड्यात वरून अकरा भरलं. गालाला लावलं तर कोरडं, उबदार लागलं. आणि आत एकोणीस. खारू, शाळेच्या हॉलच्या फळ्या तू नेल्यास तेव्हा त्यांना शेडमध्ये चौदाच आठवडे झाले होते. मी जुन्या वहीत तारीख पाहिली. म्हणजे त्या फळ्या नुसत्या सुकल्या होत्या. तू त्या केसही जाणार नाही अशा घट्ट बसवल्यास, काम तुझं उत्तमच होतं. मग बंद हॉलच्या कोरड्या हवेत त्या आतून वाळायला लागल्या, आक्रसल्या, कडा उचलल्या, पेन्सिल आत जाईल एवढ्या फटी पडल्या. चार महिन्यांनी एक मुलगी धावताना अडखळून पडली आणि तिचं मनगट मोडलं.

त्यानंतरची अडीच वर्षं मी तू आणि तुझे बाबा, तुम्हा दोघांमध्ये निरोप्याचं काम केलं. तू गेलीस, संगणकावर कपाटांचे नकाशे काढायची नोकरी धरलीस, आणि फोन केलास की म्हणायचीस, त्यांना सांग गोळ्या वेळेवर घ्यायला. ते म्हणायचे, तिला सांग थंडी आहे, अंगावर घेत जा. पाच पावलांवर बसलेले असायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत. ते म्हणायचे, माझ्या तोंडी न बोललेला शब्द घातला. तू म्हणायचीस, स्वतःचा शब्द फिरवला. मी इकडचं तिकडे सांगत राहिले, थोडं गोड करून. सांगते तुला, मी तेव्हा पुष्कळ निरोप बनवून सांगितले. ते तुझी आठवण काढतात, असं मी म्हणायचे, ते खरं होतं, पण ते तसं बोलायचे नाहीत. तुझ्या खोलीतला रंधा ते दर महिन्याला तेल लावून पुसायचे, एवढंच करायचे.

आता नव्या फळ्यांचं. पाच महिन्यांपूर्वी, मुख्याध्यापिका बाई येण्याच्याही आधी, मी चांगलं लाकूड भरून ठेवलं होतं. आज सकाळी वरून दहा, आतून साडेबारा. आणखी सहा आठवड्यांनी दोन्हीकडे दहा येईल असं माझी वही म्हणते. मी शाळेच्या हॉलमध्येही जाऊन आले, तिथल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी मोजल्या, साडेनऊ. म्हणजे त्या हॉलला दहाची फळी पचेल. प्रत्येक फळीच्या मागे मी खडूने दोन आकडे लिहितेय, वरचा आणि आतला, आणि त्याच्याखाली तारीख. रेडिओवाले म्हणतात, वहिनी, आता अशी डझनभर यंत्रं करू. मी म्हणाले, आधी एक जमीन नीट घालू.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तू येण्याचं ठरवण्याआधी तुला हे कळलं पाहिजे, नंतर कळून उपयोग नाही. त्या आठवड्यात तुझ्या बाबांना ताप होता. तू हॉलवरून फोन केलास, आई, बाबांना विचार, फळ्या वाळल्यात का, गाडी आलीय. मी आत जाऊन विचारलं. ते डोळे न उघडता म्हणाले, सुकल्यात म्हणावं. मी बाहेर येऊन तुला म्हणाले, हो, वाळल्यात म्हणतात. मला त्यात फरक वाटला नाही, एवढंच. चार महिन्यांनी शाळेचं पत्र आलं, आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी ते म्हणाले की मी सुकल्यात म्हणालो, तू म्हणालीस की वाळल्यात असा निरोप आला, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलंत. तुमचं बोलणं ऐकता ऐकता मला फरक कळला होता. मी म्हणाले, मला आठवत नाही. मला आठवत होतं, शब्द न् शब्द. त्या घरात लाकूड कळणारे तुम्ही दोघं होता आणि मी बाहेरची होते, मला भीती वाटली की मी कायमची बाहेर पडेन. वाटलं, बाप-लेक आहेत, पंधरा दिवसांत बोलतील. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात ते एकदा म्हणाले, पोरीचंच खरं असेल, तापात मी वाळल्यात म्हणून गेलो असेन, तुला खरंच आठवत नाही? मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले. त्यांनी चूक स्वतःवर घेतली आणि गेले, आणि तेही मी तुला तीन वर्षं सांगितलं नाही. ते लाकडाबद्दल बरोबर होते, हे माझी वही सांगते. तू निरोपाबद्दल बरोबर होतीस, हे मी सांगते. खोटं तुम्हा दोघांत कुणीच बोललं नव्हतं, मी बोलले. मुख्याध्यापिका बाईंना मी हे काल सांगितलं, आणि मिस्त्रींनाही. तुला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, पण तोंड उघडायचा सराव करावा लागला. तू आलीस तर जमीन तू घालशील, नाही आलीस तर मी दुसरा माणूस शोधीन आणि प्रत्येक फळी स्वतः मोजून त्याच्या हातात देईन, काम अडणार नाही. तू रागावशील, आणि ते योग्यच आहे. फक्त तो राग मिस्त्रींच्या हाती किंवा आणखी कुणाच्या तोंडी पाठवू नकोस. फोन कर आणि मलाच बोल. मी मध्ये काही बोलणार नाही, ऐकून घेईन.

तुझीच,
आई